चढणीला भरलेली ट्रॉली उचलत नाही? क्लच प्लेटचा खर्च करायच्या आधी हे बघा

गळीत हंगाम सुरू झाला की एकाच तक्रारीचे ट्रॅक्टर दुरुस्तीला यायला लागतात. सपाटीला मस्त चालतोय, पण चढणीला एकदा थांबला की परत उचलत नाही. मालक घरातनंच ठरवून आलेला असतो, क्लच गेला, नवीन प्लेट टाका. टाकली की महिनाभरात परत तेच, कारण दोष प्लेटमध्ये नव्हताच. आमच्या कोल्हापूर भागात पंचगंगा-भोगावतीच्या काठचा ऊस म्हणजे आधी मळीच्या खोलगट रानातनं पाणंदीवर चढायचं, मग पाणंदीतनं डांबरीवर, मग पुलाच्या भरावाची चढण, आणि पन्हाळा-शाहूवाडीच्या बाजूला गेलात तर वाघबीळसारखी घाटाची चढण. यातल्या कुठल्याही ठिकाणी पुढची गाडी थांबली की तुम्हाला थांबावं लागतं आणि भरल्या ट्रॉलीसकट परत उचलावं लागतं, आणि खरी परीक्षा तिथंच असते.

आधी नेमकं काय होतंय ते ओळखा. "उचलत नाही" या एका शब्दात सहा-सात वेगवेगळे दोष असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

- क्लच सोडला की इंजिन खाली बसतं आणि बंद पडतं.
- इंजिन जोरात ओरडतं पण ट्रॅक्टर जागचा हलत नाही, चाकंही फिरत नाहीत, आणि जळका वास येतो.
- मागची चाकं जागेवर फिरतात, रस्त्यावर रबराचा काळा पट्टा उमटतो किंवा मातीत खड्डा पडतो.
- पुढची चाकं उचलतात, स्टेअरिंग एकदम हलकं लागतं.
- क्लच पकडायच्या आत सगळी गाडी मागं सरकते.
- ट्रॅक्टर थरथरत, धक्के मारत उचलतो.
- क्लच पूर्ण दाबला तरी गिअर टाकताना करकर आवाज येतो.

दुसरं आणि सहावं लक्षण असेल तर क्लचवर संशय घ्यायला जागा आहे, सातव्यात बहुतेक वेळा नुसती सेटिंग असते, आणि बाकीच्या चारांत क्लचचा संबंध फार कमी वेळा निघतो. तरी तपासणी मात्र खाली दिलेल्या क्रमानंच करा, म्हणजे फुकटात होणारं आधी आणि ट्रॅक्टर खोलावा लागणारं सगळ्यात शेवटी.

आत्ता या क्षणी चढणीवर अडकलाय, तर

तपासणी नंतर. दोन्ही ब्रेक दाबून पार्किंग लॉक टाका, इंजिन बंद करून लो रेंजमधला (म्हणजे हळू चालीच्या, जास्त ओढीच्या पट्ट्यातला) एक नंबर गिअर टाकून ठेवा, आणि सगळ्यात मागच्या ट्रॉलीच्या दोन्ही बाजूच्या चाकांमागं लाकडी ठोकळे लावा. ठोकळा म्हणजे खरंच ठोकळा, रस्त्याकडेचा गोल दगड नको, तो भरल्या चाकाखाली फिरतो. ठोकळ्याला तीन-चार फुटाची दोरी किंवा दांडा बांधून ठेवा म्हणजे लावणाऱ्याला चाकामागं वाकायला लागत नाही, आणि ट्रॉली हलती असताना कुणालाही मागं ठोकळा धरून उभं करू नका, पोरगं असो नाहीतर टोळीतला गडी असो. गाडी चढून गेली की ठोकळा, दगड जे काय लावलंय ते रस्त्यातनं उचला. रात्री मागनं येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो दगड दिसत नाही आणि त्यात माणसं गेलेली आहेत. रात्र असेल तर ट्रॉलीच्या मागं रिफ्लेक्टर दिसतोय का तेही बघा, उसाच्या वाड्याखाली तो झाकलेला असतो.

मागं सरकायला लागलं तर क्लच दाबून न्यूट्रल करायचा विचारसुद्धा करू नका. ट्रॉलीला बहुतेक वेळा स्वतःचा ब्रेक नसतो, सगळा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांच्या ब्रेकवर असतो, आणि इंजिनची अडवणूक काढून घेतली की ट्रॉली वाकडी होऊन ट्रॅक्टरला आडवा करते.

ब्रेक

हे पहिल्यांदा घेतोय कारण ब्रेक बरोबर नसतील तर पुढची एकही तपासणी चढणीवर करता येणार नाही. उजव्या पायाशी दोन पेडल असतात, डाव्या चाकाचं वेगळं आणि उजव्याचं वेगळं. शेतात वळताना एकेक दाबायला लागतं म्हणून त्यांच्यातली जोडपट्टी सोडलेली असते आणि रस्त्यावर आल्यावर ती परत लावायची राहून जाते. मग चढणीला पाय नेमका एका पेडलवर पडतो, एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर तिरका होतो. जोडपट्टी लावा, खर्च शून्य.

त्यानंतर मोकळ्या सपाट जागेवर, ट्रॉली सोडून, हळू वेगात दोन्ही ब्रेक एकदम दाबून बघा. ट्रॅक्टर एका बाजूला ओढतोय म्हणजे दोन्हीची सेटिंग सारखी नाही. ब्रेक रॉडच्या नटावर ती करता येते, दोन्ही पेडलची मोकळी चाल सारखी यायला पाहिजे, किती ठेवायची ते मालकाच्या पुस्तकात दिलेलं असतं. तेलातले ब्रेक असतील आणि दाबल्यावर किंचाळत असतील किंवा घसरत असतील तर गिअरबॉक्समध्ये कुठलं तेल ओतलंय ते आठवा. तेलातल्या ब्रेकला कंपनीनं सांगितलेलंच तेल लागतं, बॅरलमधलं स्वस्त गिअर ऑईल टाकलं की हा त्रास हमखास सुरू होतो. पार्किंग लॉकचे दातेही बघा, झिजले असतील तर भार आल्यावर सुटतात.

ब्रेक पेडल शेवटपर्यंत खाली जात असेल आणि सेटिंग करूनही फरक पडत नसेल तर भरली ट्रॉली लावूच नका. तिथनं पुढं मिस्त्रीचं काम.

चढणीला उचलायची पद्धत

मागं सरकणं आणि इंजिन बंद पडणं या दोन्हीचं मूळ बहुतेक वेळा इथं सापडतं. डावा पाय क्लचवर, उजवा पाय ब्रेकवर, मग ॲक्सिलरेटर दाबायचा कुणी? ड्रायव्हर उजवा पाय ब्रेकवरनं उचलून ॲक्सिलरेटरवर नेतो, तेवढ्या क्षणात पंधरा-वीस टन मागं सरकतात, घाबरून तो क्लच फाडकन सोडतो आणि इंजिन बसतं. नाहीतर मग भरपूर रेस करून क्लच अर्धा धरून ठेवतो आणि प्लेट भाजते. यासाठीच स्टेअरिंगजवळ हँड थ्रॉटल, म्हणजे हातानं रेस द्यायचा दांडा, दिलेला आहे आणि रस्त्यावर तो कुणी वापरतच नाही. मला विचाराल तर निम्म्या तक्रारी एवढ्या एका सवयीनं संपतात.

पद्धत अशी. दोन्ही ब्रेक दाबून धरा. लो रेंजमध्ये पहिला किंवा दुसरा गिअर टाका. हँड थ्रॉटल ओढून इंजिन साधारण १२०० ते १५०० आरपीएमवर आणा, बहुतेक ट्रॅक्टरचं इंजिन त्याच्या आसपास चांगला जोर देतं, त्याच्यावर ओरडवून उपयोग नाही. आता ब्रेक न सोडता क्लच सावकाश वर आणा. इंजिनचा आवाज जड होईल आणि ट्रॅक्टर ताणल्यासारखा वाटेल, म्हणजे क्लचनं धरलं. तिथं ब्रेक सोडा, गाडी हलली की क्लच एक-दोन सेकंदात पूर्ण सोडा आणि डावा पाय पेडलवरनं बाजूला घ्या. मग पायाचा ॲक्सिलरेटर.

गिअर आधीच विचार करून टाका. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅक्टरांत चालता चालता गिअर बदलायची सोय नसते, चढणीत मध्येच बदलायला गेलात की गाडी थांबलीच आणि तीही जास्त वाईट ठिकाणी. ज्या गिअरमध्ये पूर्ण चढण चढणार आहात त्याच गिअरमध्ये उचला. हाय रेंजच्या पहिल्यात उचलतोय की, असं म्हणणारे भेटतात, तो रिकाम्या ट्रॉलीचा हिशेब झाला.

क्लच पेडलची मोकळी चाल

पेडल हातानं दाबून बघा. सुरुवातीला थोडं अंतर ते सैल जायला पाहिजे, मग वजन लागायला पाहिजे. हे सैल अंतर साधारण २० ते ३० मिलिमीटर असतं, तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा पुस्तकात बघा आणि तोच खरा धरा. पट्टी लावून मोजा, अंदाजानं नको.

याचं महत्त्व असं की प्लेट झिजत जाईल तशी ही चाल कमी कमी होत जाते. एक दिवस ती शून्य होते आणि मग तुम्ही पाय ठेवलेला नसला तरी रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की पुढं सरकून क्लच सोडवणारं बेअरिंग) क्लचच्या फिंगरवर, म्हणजे ते ज्या पट्ट्या दाबतं त्यांच्यावर, टेकलेलंच राहतं, म्हणजे क्लच कायम थोडासा दाबलेला. सपाटीला कळत नाही कारण भार कमी, चढणीला भार आला की प्लेट घसरायला लागते. प्लेट अजून चालण्यासारखी असते, नुसती चाल संपलेली असते. लिंकेज रॉडचा चेकनट सैल करून रॉड फिरवायचा, चाल परत आणायची, नट आवळायचा. दोन पाने आणि पंधरा मिनिटांचं काम. उलट चाल फार जास्त झाली असेल तर पेडल पूर्ण दाबूनही क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर करकरतात, ते सातवं लक्षण.

याच जागी ड्रायव्हरचा पाय पण बघा. गाडी चालवताना डावा पाय क्लच पेडलवर नुसता टेकवून ठेवायची सवय असेल तर चाल कितीही बरोबर करा, ती पायाच्या वजनानंच खाल्ली जाते. ट्रॅक्टर दोन-तीन ड्रायव्हरांच्या हातात असेल आणि एकाच्याच पाळीला वास येत असेल तर कारण इथंच शोधा.

वजनाचा हिशेब, हा नीट वाचा

सगळ्यात जास्त गैरसमज इथं आहे. दहा फूट पुढं गेल्यावर एक फूट वर चढणारी चढण धरा. अशा चढणीवर प्रत्येक टन वजन साधारण १०० किलोच्या जोरानं मागं ओढतं. चाकं फिरवायला डांबरीवर टनामागं आणखी वीस-पंचवीस किलो लागतात, मऊ रानातल्या रस्त्याला त्याच्या कितीतरी पट. दोन ट्रॉल्या मिळून २० टन असतील तर २००० किलो चढणीचे, ५०० किलो चाकांचे, आणि ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन वर नेण्याचे दोनशेच्या वर, म्हणजे एकूण २७०० किलोचा ओढा पाहिजे.

हा ओढा ताशी तीन किलोमीटरनं द्यायला तीस एचपीच्या आसपास ताकद लागते. म्हणजे ५० एचपीच्या इंजिनाला ते जमण्यासारखं आहे. अडतं ते टायरात. टायर जेवढा भार रस्त्यावर टेकवतो त्याच्या पाऊण पटीच्या आसपासच पकड कोरड्या डांबरीवर मिळते, ओल्या मातीत निम्मीसुद्धा नाही. सव्वादोन टनाच्या ट्रॅक्टरचं मागच्या चाकांवर दीड टनाच्या आत-बाहेर वजन असतं. दोन चाकी ट्रॉलीचा हुकवर येणारा भार आणि ओढताना पुढचं वजन मागं येतं ते सगळं धरून अडीच टन झालं समजा, तरी पकड दोन टनाच्या आतच राहते. २७०० किलो ओढायचेत आणि पकड १९०० किलोची. इथं नवीन क्लच प्लेट काय करणार? एचपी वाढवूनही काही होत नाही, चाक फक्त जास्त जोरात फिरतं.

म्हणून चाकं जागेवर फिरत असतील तर पहिला इलाज म्हणजे एकेक ट्रॉली चढवा. मागची ट्रॉली खाली सपाटीला सोडा, चाकांना दोन्ही बाजूनं ठोकळे लावा, पुढची वर नेऊन ठेवा आणि परत या. अर्धा तास जातो. कारखान्याच्या गव्हाणीवर (ऊस उतरवायच्या जागी) रांगेत त्याच्यापेक्षा जास्त वेळ जातोच. आणि मुळात ट्रॉली तिच्या नोंदलेल्या क्षमतेएवढीच भरा, खेपेमागं दोन टन जास्त नेऊन जे मिळतं ते हंगामाच्या शेवटी टायर, क्लच आणि ब्रेक परत घेऊन जातात.

टायर, पाणी, डिफरन्शिअल लॉक

रानातनं वर येताना टायरच्या खाचा काळ्या मातीनं भरून टायर गुळगुळीत झालेला असतो. डांबरीच्या चढणीला लागायच्या आधी खोऱ्यानं खाचा मोकळ्या करा, फार फरक पडतो. दोन्ही मागच्या टायरात हवा सारखी आहे का ते गेज लावून बघा, बघून कळत नाही. शेतकामाला ठेवतो ती १२-१४ पीएसआय हवा वाहतुकीच्या भाराला कमी पडते, वाहतुकीला किती ठेवायची ते पुस्तकात वेगळं दिलेलं असतं.

मागच्या टायरात पाणी भरणं हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून पाऊण टायरपर्यंत पाणी भरतात, वरची जागा हवेला ठेवायची. १६.९-२८ च्या एका टायरात असं दोनशे किलोच्या वर वजन वाढतं, दोन्ही मिळून चारशे. पंक्चरवाल्याकडे पाणी भरायचा नोझल असतो. पाणी भरलं म्हणून ट्रॉलीत ऊस वाढवायचा नाही, नाहीतर परत तिथंच.

एकच चाक फिरत असेल, म्हणजे एक बाजू साईडपट्टीच्या मातीत आणि दुसरी डांबरीवर, तर डिफरन्शिअल लॉक वापरा, त्यानं मागची दोन्ही चाकं एकत्र फिरतात. आधी चाक थांबवा, मग लॉक दाबा, सरळ रेषेत बाहेर काढा आणि वळायच्या आत सोडा. फिरत्या चाकावर लॉक मारला की आतले दाते तुटतात आणि त्याचा खर्च क्लचपेक्षा मोठा.

पुढची चाकं उचलतात

हे लक्षण असेल तर गाडी तिथंच थांबवा, एकदा करून बघू म्हणू नका. पुढचं उचललं की ट्रॅक्टर उलटून ड्रायव्हरच्या अंगावर यायला एक-दीड सेकंद पुरतो, उडी मारायलासुद्धा वेळ नसतो. उचलल्याचं जाणवताक्षणी क्लच दाबा म्हणजे पुढचं खाली येतं, आणि लगेच दोन्ही ब्रेक.

बघायचं काय तर ट्रॉली कुठं जोडलीय. ओढा जितका खालून तितका ट्रॅक्टर स्थिर. कुणी ट्रॉलीची दांडी उंच आहे म्हणून हुक वर सरकवून घेतो, कुणी टॉप लिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) जागेवर चेन अडकवतो, आणि ओढ्याची जागा मागच्या ॲक्सलच्या वर गेली की ट्रॅक्टर मागच्या ॲक्सलभोवती उलटायला बघतो. टॉप लिंकच्या ब्रॅकेटला ओढायचं काहीही कधीही अडकवायचं नाही. हुक कंपनीनं दिलेल्या उंचीवरच पाहिजे, ट्रॉलीची दांडी जमत नसेल तर वेल्डरकडनं दांडी बदला, ट्रॅक्टरचा हुक नको.

दोन चाकी ट्रॉलीत ऊस पुढं जास्त भरला तर हुकवर भार वाढतो आणि पुढची चाकं हलकी होतात. मागं जास्त भरला तर दांडी ट्रॅक्टरचं मागचं उचलते आणि चाकं घसरतात. भरणाऱ्या टोळीला हे सांगा, मोळ्या कुठून कुठपर्यंत लावायच्या ते त्यांच्याच हातात असतं. ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहायला पाहिजे, नाहीतर स्टेअरिंग नावालाच उरतं. त्यासाठी पुढं लोखंडी वजनं लावायची असतात. बोनेटवर नाहीतर पुढच्या बंपरवर दोन माणसं बसवून चढण चढवतात, हे मी दरवर्षी रस्त्यावर बघतो आणि दरवर्षी सांगतो, माणूस वजन म्हणून वापरू नका. खाली पडला तर थेट चाकाखाली जातो.

ट्रॉली स्वतःच अडवतेय का

हे कुणी तपासत नाही. चार-पाच किलोमीटर सपाटीला चालवून थांबा आणि ट्रॉलीच्या प्रत्येक चाकाच्या हबजवळ हात न्या. एखादा इतरांपेक्षा खूप तापला असेल तर तिथलं बेअरिंग गेलंय किंवा ग्रीस संपलंय. टायरमधली हवा, चार चाकी ट्रॉलीच्या टर्नटेबलचं (पुढची चाकं वळवणाऱ्या चकतीचं) ग्रीस, हुकच्या पिनची झीज आणि तिची लॉक क्लिप, हे सगळं एका फेरीत बघून होतं. पिन झिजून भोक मोठं झालं असेल तर उचलताना बसणारा धक्का क्लचचा वाटतो आणि असतो पिनचा.

इंजिन भाराखाली बसतंय

पद्धत बरोबर, गिअर बरोबर, वजन बेतात, तरी इंजिन दम टाकतंय? सायलेन्सरकडे बघा. भार आल्यावर काळा धूर भरपूर आणि जोर कमी म्हणजे हवा कमी पडतेय, एअर फिल्टर बघा. तेलाच्या भांड्याचा फिल्टर असेल तर तळाला चिखलासारखा गाळ बसलेला असेल, डिझेलनं धुवा, खुणेपर्यंत नवीन तेल घाला. हंगामात उसाच्या पाचटाचा चुरा आणि पाणंदीची धूळ इतकी असते की पुस्तकातल्या तासांवर विसंबून भागत नाही, आठवड्याला उघडून बघा.

धूर काहीच नाही आणि इंजिन हळूहळू गळून जातं, तर डिझेल पोचत नाही. आधी टाकीत डिझेल किती आहे ते बघा, कमी असेल तर चढणीला ते मागं सरकतं आणि पाईप हवा ओढतो. मग टाकीचं झाकण सैल करून चालवून बघा, फरक पडला तर झाकणाचं बारीक भोक बुजलंय. मग डिझेल फिल्टर बदला आणि सिस्टिममधली हवा काढा. इथपर्यंत घरी करा. पंप आणि नोझलला हात लावू नका, त्याचं सील तोडून स्क्रू फिरवणारे बरेच भेटतील, जोर दोन दिवस वाढतो आणि नंतर पिस्टन भाजतो. ते काम पंपाच्या टेस्टिंग मशीनवरच करून घ्यायचं.

आता क्लच

वरचं सगळं झालं आणि इंजिन ओरडतंय पण गाडी हलत नाही हेच लक्षण उरलं असेल तर एक चाचणी करा. सपाट मोकळी जागा, ट्रॉली सोडलेली, पुढंमागं कुणी नाही. दोन्ही ब्रेक पूर्ण दाबून पार्किंग लॉक, हाय रेंजचा वरचा गिअर, इंजिन मध्यम वेगात, आणि क्लच सावकाश सोडा. चांगल्या क्लचला इंजिन लगेच बसलं पाहिजे. क्लच पूर्ण सुटला तरी इंजिन चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय. लगेच क्लच दाबून थांबा. ही चाचणी एकदाच, परत परत केली तर चांगली प्लेटही भाजेल.

मग ट्रॅक्टरच्या पोटाखाली क्लच हाऊसिंगला एक छोटं भोक असतं तिथं बोट लावून बघा. कोरडं असेल तर प्लेट झिजलीय किंवा तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट कमजोर झालीय. तेल असेल तर त्याचा रंग बघा, काळं पातळ असेल तर इंजिनकडचं क्रँकचं मागचं सील गळतंय, आणि फिकट, घट्ट असेल तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील. हे मिस्त्रीला आधीच सांगा कारण सील न बदलता नुसती प्लेट टाकली की नवीन प्लेटही तेल पिते, आणि महिनाभरात परत येणारे ट्रॅक्टर यातलेच असतात. त्या भोकातनं पेट्रोल मारून प्लेट धुवायचा प्रकार करू नका. आत ठिणगी आणि गरम फ्लायव्हील दोन्ही असतात, आणि सील गळत असताना धुऊन उपयोगही नाही.

नुसता वास आला असेल, एकदाच, तर वीस-पंचवीस मिनिटं इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये सपाटीला थांबा, थंड होऊ द्या, मग चाल मोजा. बऱ्याचदा प्लेट वाचते.

इथं थांबा आणि मिस्त्रीला बोलवा

वरच्या चाचणीत क्लच घसरला. हाऊसिंगमधनं तेल येतंय. चाल सेट करायला रॉडला आटे शिल्लक नाहीत. धक्के मारत उचलतोय आणि चाल बरोबर आहे, म्हणजे फिंगर वरखाली झाले असतील, ते मोजूनच सारखे करावे लागतात. क्लच दाबल्यावर आतनं घरघर येते, म्हणजे रिलीज बेअरिंग. पार्किंग लॉक भाराखाली सुटतोय. या प्रत्येकासाठी, शेवटचं सोडलं तर, ट्रॅक्टर मधून वेगळा करावा लागतो, खाली दोन्हीकडे भक्कम घोडे (लोखंडी स्टँड), वर चेन ब्लॉक आणि दोन जाणती माणसं पाहिजेत. अंगणात जॅक आणि विटा लावून हे काम करू नका. इंजिनकडचा भाग घसरला तर हात काढायला वेळ मिळत नाही.

फोडलाच आहे तर प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि दोन्ही सील एकदम बघून घ्या, फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा खाचा असतील तर लेथवर घासून घ्या. जुने पार्ट समोर ठेवून मागा. प्लेटच्या रिव्हेटपर्यंत किती माल शिल्लक होता ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, म्हणजे प्लेट खरंच झिजली होती का वजनानं आणि पायानं भाजली ते तुम्हालाच कळेल, आणि पुढच्या हंगामात काय बदलायचं तेही.